कॅसेटचं डिजिटल करणारा यूएसबी प्लेअर: तीन स्टार, त्यातला एक मामाचा

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलचक आहे. ज्यांना फक्त घ्यावा का नको एवढंच पाहिजे त्यांच्यासाठी: बारका स्क्रूड्रायव्हर हातात धरून एखादी वस्तू उघडायची भीती वाटत नसेल तर घ्या, वाटत असेल तर नका घेऊ. बाकीच्यांनी बसा निवांत.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण हाच प्लेअर वेगवेगळ्या दहा नावांनी विकला जातो असं माझं मत झालंय, फोटो बघितले की कळतं, तेच बटण तेच झाकण, फक्त वरचा स्टिकर बदललेला. दिसायला वॉकमनसारखा, एका बाजूला यूएसबीचं भोक, एका बाजूला हेडफोनचं, दोन पेन्सिल सेलवर पण चालतो आणि कॉम्प्युटरला जोडला की त्याच्याच करंटवर पण. खोक्यात सोबत एक छोटी सीडी येते त्यात म्हणे सॉफ्टवेअर आहे. सीडी! म्हणजे जुनं नवीन करायला घेतलेल्या वस्तूसोबत दुसरी जुनी वस्तू, आणि ती चालवायला ड्राइव्ह कुणाच्या घरात आहे आता.

घेतला कशाला ते सांगते. मामा जाऊन दोन वर्षं झाली आणि मामीनं एकदाचा माळा आवरायला काढला, मी मदतीला गेले होते. बुटांच्या तीन खोक्यांत कॅसेटी निघाल्या. मला वाटलं गाणी असतील. मोजल्या तर ३१, आणि एकावरही गाण्याचं नाव नाही. लेबलं अशी: 'टाकी २', 'टाकी ३ (तारा खाल्ल्या)', 'दोरी, फसली', 'आजीची बेल', 'इकडचं तिकडचं'. मामाचं अक्षर इतकं वाईट होतं की स्वतःचंच लिहिलेलं त्याला दुसऱ्या दिवशी लागायचं नाही, म्हणून तो डोक्यात आलेलं सगळं टेपरेकॉर्डरला सांगून ठेवायचा. रात्री सगळे झोपले की मागच्या खोलीत टेबलापाशी सोल्डरिंग चालू आणि तोंडानं बडबड चालू. लहानपणी आम्हाला वाटायचं मामा रात्री कुणाशी तरी बोलतो. मामीला विचारलं तर ती म्हणायची, "बोलू दे, ते यंत्र त्याला मधे तोडत नाही."

घरात आम्ही त्याला मामा म्हणायचो आणि बाहेरचे पण मामाच म्हणायचे, त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा.

तर प्लेअर आला, पहिली कॅसेट घातली, बटण दाबलं आणि मामाचा आवाज आला आणि माझा चेहराच पडला. मामा नव्हताच तो. बारीक, घाईतला, चिरकलेला आवाज, जणू काही ट्रेन पकडायचीये. आमचा मामा आयुष्यात कधी घाईत नव्हता, त्याच्यामुळे बाकीचे घाईत असायचे. मामीला तसाच ऐकवला असता तर तिनं ओळखला पण नसता. म्हणून ऐकवलाच नाही, म्हटलं आधी याच्याकडे बघू.

आता हे नीट ऐका कारण कुठल्याच रिव्ह्यूमधे मला हे मिळालं नाही. या असल्या प्लेअरची मोटर बहुतेक वेळा वेगानं पळते. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, पण स्वस्तातल्या मोटरला ते कोण सांगणार. आता नक्की किती जास्त पळतीये हे कसं कळावं, तर रेकॉर्डिंगमधली घरघर बघायची. जुन्या लाइटवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरमधे मागं एक बारीक 'हंऽऽ' कायम असतो, तो लाइटचा असतो. आपल्याकडची लाइट ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकावे (अमेरिकेत वगैरे ६०), म्हणून ही घरघर ५० वर किंवा तिच्या दुपटीवर, १०० वर पाहिजे. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, खोक्यातली सीडी फेकून द्या आणि हे घ्या, त्यात मामा गप्प असतानाचा एक तुकडा निवडला आणि त्याचा आलेख काढला, तर सुळका १०४ वर. म्हणजे चार टक्के जोरात. हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधे साधारण सहा टक्क्यांचा फरक असतो, तर समजा मामा पाऊण पट्टी वर चढून बोलत होता.

या युक्तीचा फायदा असा की ज्यावर रेकॉर्ड केलं त्याची चूक आणि ज्यावर वाजवतोय त्याची चूक, दोन्ही एकदम निघतात. मग मागचं झाकण उघडलं, चार स्क्रू. मोटरच्या पाठीत एक बारीक भोक असतं, त्यात आत फिरवायचा स्क्रू असतो, तो केसभर, अक्षरशः केसभर फिरवायचा. जास्त फिरवला तर मामा झोपेत बोलल्यासारखा. तीन वेळा हुकलं, चौथ्यांदा सुळका बरोबर १०० वर आला आणि हेडफोनमधे तो बोलला, "हं. आता बघू." आणि मग नेहमीसारखं नाकानं हुंकारल्यासारखं केलं. मी बटण बंद केलं आणि जरा वेळ खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

कंपनीनं हे कारखान्यात करून द्यायला दोन मिनिटं लागली असती. एक स्टार इथेच कापला.

दुसरी तक्रार त्यापेक्षा मोठी आहे. याच्यात 'ऑटो ट्रॅक' म्हणून एक सोय आहे आणि ती आधीपासून चालूच असते. आवाज काही सेकंद थांबला की याला वाटतं गाणं संपलं, आणि तो नवीन फाइल सुरू करतो. गाण्यांच्या कॅसेटला ठीक आहे. पण मामा बोलता बोलता थांबायचा. थांबायचा म्हणजे खरंच थांबायचा, वाक्याच्या मधोमध, हातात काहीतरी धरलेलं, भुवया वर, आणि समोरचा माणूस उभा आहे हे विसरून. तर 'टाकी २' या एका कॅसेटच्या ४३ फाइली झाल्या! आणि प्रत्येक ठिकाणी पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर खाल्लेलं. शिवाय सगळं गप्प राहणं कापून टाकलेलं, त्यामुळे तो कसा पटापटा उत्तरं देणारा हुशार माणूस वाटायला लागला. तो तसा नव्हता हो. त्याला वेळ लागायचा. 'टाकी' च्या कॅसेटींत तर त्या थांबण्यातच सगळं आहे.

टाकीची गोष्ट सांगायलाच पाहिजे. गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहायची आणि पाणी वाया जायचं, कारण पंप बंद करायला कुणी लक्षात ठेवायचं नाही. मामानं एक गजर केला. दोन उघड्या तारा टाकीत वरच्या बाजूला सोडायच्या, पाणी तिथपर्यंत आलं की पाण्यातून थोडासा करंट जातो, एक साधा ट्रान्झिस्टर तो मोठा करतो आणि बझर वाजतो. सगळा मिळून काड्यापेटीएवढा. शेजाऱ्यांनी बघितला, त्यांना एक करून दिला, मग त्यांच्या शेजाऱ्यांना. पुढच्या वर्षभरात त्यानं चाळीसेक तरी करून दिले असतील, एकाचेही पैसे घेतले नाहीत, फार तर समोरच्यानं सेल आणून द्यायचा. कुणीतरी म्हणालं मामा पेटंट घ्या, तर म्हणे, "वीस मिनिटांत होतं ते, त्याचं कसलं पेटंट, बस इथं, शिकवतो."

आणि मग सगळीकडून तक्रारी यायला लागल्या की गजर वाजत नाही. 'टाकी ३' या कॅसेटमधे ती रात्र आहे. तो सांगतो की आज पाच टाक्यांवर चढून आलो, पाचही ठिकाणी तांब्याची एक तार हिरवी पडून झिजलीये आणि दुसरी चांगली आहे. मग थांबतो. ऑटो ट्रॅक बंद केल्यावर मोजलं मी, ५२ सेकंद. मागे फक्त घरघर आणि एकदा खुर्ची करकरली. मग म्हणतो, "एकच का? एकच का खराब होतीये?" परत शांत. आणि मग अगदी हळू, "अरे गाढवा, डीसी आहे." म्हणजे झालं असं होतं की सेलचा करंट एकाच दिशेनं जातो, आणि पाण्यातून तो सतत गेला की पॉझिटिव्हकडची तार हळूहळू विरघळते. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात इलेक्ट्रोलिसिसचा धडा असतो ना, तोच प्रयोग यानं चाळीस घरांच्या डोक्यावर चालू करून दिला होता.

पुढच्या कॅसेटमधे त्याला उपाय सापडलेला आहे. तारा पाण्यात घालायच्याच नाहीत. एका बंद नळीत रीड स्विच, म्हणजे काचेच्या बारीक नळीत लोखंडासारख्या धातूच्या दोन पातळ पट्ट्या असतात, लोहचुंबक जवळ आलं की चिकटतात, आणि बाहेर एका तरंगत्या डब्याला चुंबक. पाणी वर आलं, डबा वर आला, स्विच लागला. वीज पाण्याला शिवतच नाही. आणि मग तो प्रत्येक घरी परत गेला. चाळीसच्या चाळीस. फुकट दिलेली वस्तू फुकट बदलून द्यायला माणूस शनिवार रविवार जिने चढतोय, मामी वैतागलेली मला चांगली आठवते, म्हणायची, "दुकानदार तरी एवढं करतो का?" तर हा म्हणे, "दुकानदाराकडे आपण पैसे मागू शकतो, माझ्याकडे काय मागणार ते?" मला हे तेव्हा उलटं वाटलं होतं आणि अजून पण थोडं उलटंच वाटतं.

असो, मशीनकडे येते परत.

तिसरी गोष्ट आवाजाची. वेग बरोबर झाला, तुकडे पडायचे थांबले, तरी आवाज गादीखालून आल्यासारखा. मला वाटलं कॅसेटी जुन्या झाल्या, गेला आवाज. तसंच रेकॉर्ड करत बसले होते आणि १४ नंबरची कॅसेट लागली. ही एका मुलासाठी केलेली होती, त्यानं तेव्हा नवीन रिपेअरिंगचं दुकान टाकलं होतं आणि त्याला पुस्तकातलं इंग्रजी झेपत नव्हतं, तर मामानं त्याला बोलून बोलून सगळा कोर्सच भरून दिला होता. त्यानं शिकून झाल्यावर ती परत आणून दिलेली दिसते. तर त्यात, गादीखालून येणाऱ्या त्या आवाजात, मामा सांगतोय:

"आवाज गादीखालून आल्यासारखा वाटला तर टेपला दोष देऊ नको. हेडच्या बाजूला स्प्रिंगचा एक स्क्रू असतो तो बघ. कुणीतरी बोलतंय अशी कॅसेट लाव आणि 'स' आणि 'श' कडे कान दे. स्क्रू हळू फिरव. 'स' चा 'स' झाला की थांब."

मी काय करायचं मग! मशीन चालूच ठेवलं, झाकणाला वरून एक बारीक भोक होतं त्यातून स्क्रूड्रायव्हर घातला आणि त्याचंच बोलणं ऐकत फिरवला. तो म्हणत होता 'स', आणि मला ऐकू येत होतं 'फ', मग 'थ' सारखं काहीतरी, आणि मग एकदम पडदा सरकल्यासारखा स्वच्छ 'स'. 'थांब' पण लगेच पुढं होतंच.

ज्यांना कारण पाहिजे त्यांच्यासाठी: हेड म्हणजे टेप ज्याला घासत जाते आणि जो तिच्यावरचा आवाज वाचतो तो भाग, त्यातली फट टेपला बरोबर काटकोनात पाहिजे. जरा तिरकी झाली की बारीक, टोकदार आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. टेपची रुंदीच मुळात ३.८१ मिलिमीटर, त्यात दोन्ही बाजूंचं रेकॉर्डिंग, इथे तिरकं म्हणजे किती तिरकं याची कल्पना करा. अजून एक, स्क्रू ज्या कॅसेटवर लावला ती कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली त्याच्याशी तो जुळतो, सगळ्या जगाशी नाही. मामाच्या पहिल्या एकोणीस कॅसेटी एकाच टेपरेकॉर्डरवर भरलेल्या म्हणून एकदाच लावावा लागला. विसाव्या कॅसेटपासून परत गादी! वेगाचा सुळका पण ९८ वर. तेव्हा कळलं की मधे त्यानं टेपरेकॉर्डर बदलला. मामीला विचारलं तर म्हणाली, "जुना कुणाला तरी दिला, परीक्षेला पाठांतराला पाहिजे होता म्हणून." परत सगळं लावलं.

आवाजाच्या क्वालिटीचं म्हणाल तर बोलण्यासाठी ठीक, गाण्यांसाठी घेऊ नका. मागे 'सूंऽऽ' आहे, आवाज लहानमोठा होत नाही पण किंचित हेलकावतो, पियानोसारखं लांब सूर धरणारं वाद्य असेल तर लगेच कळेल. तुमच्याकडे चांगला जुना डेक चालू अवस्थेत असेल तर त्यातून लाइन आउट घेऊन कॉम्प्युटरला जोडा, याच्या दसपट बरं. फक्त तो बरीच वर्षं पडून असेल तर आतला रबरी पट्टा डांबरासारखा वितळून चिकटलेला असू शकतो, बोटांना लागला की दोन दिवस निघत नाही. अनुभव आहे. आणि डिजिटल करून देणारे लोक पण असतात, मी एकांकडे चौकशी केली, त्यांनी विचारलं गाणी का लग्न, मी म्हटलं टाकी, तर पुढं बोलणं काही झालं नाही.

फाइलचा साइझ विचारतात लोक. एमपी-थ्री करू नका लगेच, आधी वेव्ह मधे घ्या, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी फाइल. मोनो घेतलं तर मिनिटाला साधारण ५.३ एमबी, सी-९० ची, म्हणजे दीड तासाच्या कॅसेटची, एक बाजू म्हणजे २४० एमबीच्या आसपास, आजकाल ते काहीच नाही. माणूस एकाच माइकवर बोललाय तर स्टीरिओ करून काय दोन मामा होणार आहेत का. वेळ मात्र जेवढ्याला तेवढा लागतो, जोरात पळवून घेता येत नाही. माझ्या ३१ पैकी १९ कॅसेटी तासाच्या आणि १२ दीड तासाच्या, म्हणजे ३७ तास, आणि जे परत परत केलं ते वेगळं. जवळजवळ दोन महिने रोज संध्याकाळी एकेक बाजू, मामा बोलतोय आणि मी कपड्यांच्या घड्या घालतीये.

घड्यांवरून आठवलं, 'दोरी, फसली'. पाऊस आला की कपड्यांची दोरी आपोआप आत येणार असं मशीन. मोटर, कप्पी, आणि बाहेर एक छोटी पट्टी, तिच्यावर थेंब पडला की चालू. दिवसा झकास चाललं, गल्लीतली सगळी पोरं पाण्याचे शिंतोडे मारून मारून दोरी आतबाहेर करत होती. रात्री दव पडलं. पहाटे चार वाजता सगळी दोरी कपड्यांसकट खडखडत खिडकीतून आत, आणि मामी झोपेतून किंचाळत उठली की चोर शिरला. कॅसेटमधे मामा हे सांगताना हसून हसून खोकतोय आणि मागून मामीचा आवाज येतो, "सांग, सांग, सगळ्यांना सांग." हे मी तिला ऐकवलं. ती पण हसली आणि म्हणाली परत लाव, फक्त माझं बोलणं लाव. तिला स्वतःचा तो आवाज ऐकायचा होता.

'आजीची बेल' मधे फारसं काही नाही, आजीला ऐकू येणं कमी झालं तेव्हा दाराची बेल वाजली की तिच्या खोलीतला दिवा दोनदा लुकलुकेल असं केलं होतं, बास. आणि शेजारच्या एका मुलाच्या हाताला जोर नव्हता, पेन्सिल धरता यायची नाही, तर मामानं रबरी चेंडूला आरपार भोक पाडून त्यातून पेन्सिल घातली, चेंडू मुठीत धरायचा आणि लिहायचं. याची कॅसेट नाहीये. एवढ्याशा गोष्टीला काय टेप घालवायची असं वाटलं असणार त्याला. मला तर त्याच्या सगळ्यात ती एकच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

कॅसेट ज्यानं बनवली त्याच्याबद्दल पण या निमित्तानं वाचलं. लू ऑटेन्स नावाचा डच इंजिनिअर, फिलिप्समधे होता, त्याच्या टीमनं १९६३ मधे ही बाहेर आणली. त्यानं म्हणे आधी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि सांगितलं की जे काय करायचं ते एवढ्यात बसलं पाहिजे. आणि पुढं गाडीचं चाक पंक्चर झालं तेव्हा तोच ठोकळा जॅकखाली टेकण म्हणून लावला आणि तो तिथंच गेला, असं सांगतात. हे वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले, कारण मामानं पण नेमकं हेच केलं असतं, इतिहास गेला तरी चालेल पण चाक बसलं पाहिजे. ऑटेन्स २०२१ मधे गेले, ९४ वर्षांचे होते. फिलिप्सनं पुढं हे डिझाइन बाकीच्या कंपन्यांना फुकट वापरू दिलं म्हणून तर जगभर एकच कॅसेट कुठल्याही टेपमधे बसायची, आणि त्यामागे सोनीचा दट्ट्या होता हेही तेवढंच खरं. मामाला कुणी दट्ट्या दिला नव्हता.

आता एक गोष्ट जी या मशीनची चूक नाही, पण घेणाऱ्याला माहिती पाहिजे, नाहीतर दचकाल. काही कॅसेटींत, विशेषतः दीड तासाच्या, मामा बोलायच्या आधी मामा बोलतो. म्हणजे शांतता असते आणि तिच्यात अगदी लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखं, पुढचंच वाक्य ऐकू येतं, आणि दीड ते तीन सेकंदांनी तेच वाक्य खऱ्या आवाजात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रात्र होती आणि मी सरळ लाइट लावला. याचं कारण साधं आहे, टेप गुंडाळलेली असते, एका वेढ्यावर दुसरा वेढा, आणि वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली की एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर हलकंसं उमटतं. एक वेढा पुढं सरकायला जेवढा वेळ तेवढंच आधी ऐकू येणार, गुंडाळी बारीक असेल तर दीड सेकंद, जाड असेल तर तीन. दीड तासाची टेप पातळ असते म्हणून तिच्यात जास्त.

सॉफ्टवेअरमधे आवाज साफ करायचं बटण आहे, त्यानं हे बरंच निघतं. मी एका कॅसेटवर करून बघितलं. सूंऽऽ गेलं, घरघर गेली, ते लांबून बोलणं गेलं, आणि मामाचा श्वास पण गेला. मग ते अनडू केलं आणि बाकीच्यांना हातच लावला नाही.

२९ नंबरची 'इकडचं तिकडचं' मी सगळ्यात शेवटी ऐकली, नावावरून वाटलं काहीच नसणार. त्यात मामा यादी सांगतोय, कुणाकडे त्याची काय हत्यारं गेलीयेत. "ड्रिल मशीन, समोरच्या इमारतीत, दुसरा मजला. मोठी पक्कड, खालच्या मजल्यावर, ती मागायची नाही, त्याचं काम तिच्यावरच चाललंय. मल्टीमीटर एक, कॉलेजच्या पोराकडे, त्याला म्हणावं सेल बदल. मल्टीमीटर दोन…" इथे थांबतो. "दोन कुणाला दिला बरं." आठ मिनिटं ही यादी. नावं मी इथं लिहीत नाही, त्यातली बरीच माणसं अजून आहेत. मला यातलं विशेष वाटलं ते वेगळंच. मामा गेला तेव्हा नंतरच्या महिन्याभरात लोक येऊन एकेक वस्तू परत देऊन जात होते, कुणी टेस्टर, कुणी करवत, एकानं तर सोल्डरिंग गन पिशवीत घालून आणली आणि दारातच रडायला लागला. आम्हाला कुणालाच माहिती नव्हतं की या वस्तू बाहेर होत्या. मामानं कधी मागितल्याच नव्हत्या. मला वाटायचं विसरला असेल. तर नाही, त्याला एकूणएक पाठ होतं, फक्त दुसरा मल्टीमीटर सोडून.

तर रेटिंग. पाच पैकी तीन. एक स्टार वेगासाठी कापला, एक त्या ऑटो ट्रॅकसाठी, खरं तर दोन कापायला पाहिजे होते. जे तीन दिले त्यातला एक मामाचा आहे, त्यानं १४ नंबरला सांगितलं नसतं तर हे मशीन मी पहिल्या आठवड्यातच परत केलं असतं. बॅटरी पाचसहा तास जाते, पण रेकॉर्ड करताना कॉम्प्युटरवरच ठेवा, सेल उतरायला लागले की वेग बदलतो. झाकणाची बिजागरी नाजूक आहे, माझी तुटली, रबरबँड लावलाय.

कमेंटमधे विचारायच्या आधीच सांगते, मशीन आता माझ्याकडे नाही. ऑफिसमधल्या एकीच्या वडिलांच्या बावीस कॅसेटी आहेत, तिला दिलंय, सोबत स्क्रू कसा फिरवायचा ते फोनवर बोलून रेकॉर्ड करून पाठवलंय. स्क्रूड्रायव्हर पण दिलाय. तो मात्र मला परत पाहिजे, दोनदा आठवण केलीये.